हार घातलेल्या सायकली मोजून काय होणार?

सायकलवाटपाचा फोटो छान येतो. हार घातलेल्या सायकली, ओळीने उभ्या मुली, मधोमध पाहुणे. त्यातल्या किती सायकली सहा महिन्यांनी शाळेच्या आवारात लागलेल्या दिसतात, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. प्रश्न सायकली किती वाटल्या हा नाही, शाळेत येण्यात काय फरक पडला हा आहे.

अमेरिकेत मुलांनी चालत वा सायकलने शाळेत यावे यासाठीच्या उपक्रमांची मोजणी वर्गशिक्षकच करतात. आज चालत कोण आले? सायकलने? बसने? गाडीतून? हात वर होतात, आकडे लिहून घेतले जातात. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत २००० साली सुरू झालेल्या उपक्रमात दोन वर्षांत चालत येणारी मुले ६४ टक्क्यांनी, तर सायकलने येणारी ११४ टक्क्यांनी वाढली. ११४ ऐकून हुरळून जाऊ नये. सायकलवाली मुले मुळात मूठभर असली की दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. शिवाय अशा कामात उत्साही शाळाच आधी पुढे येतात.

म्हणून तुलना हवी. बिहारने २००६ साली नववीच्या मुलींना सायकलींसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिथल्या मुलींची तुलना मुलांशी आणि शेजारच्या झारखंडशीही केली. योग्य वयात माध्यमिक शाळेत असणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. परिणाम ठळक दिसला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून दूर असलेल्या गावांत.

शहरातले दुखणे निराळे. शाळा दहा मिनिटांवर, तरी आई स्कूटर काढते, कारण मधला चौक. तिथे सायकल देऊन उपयोग नाही, चौक सुधारायला हवा. न्यूयॉर्कमध्ये शाळांभोवती गतिरोधक, सिग्नल, पादचारी मार्ग अशी कामे झाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार त्या भागांत शाळेच्या ये-जा वेळेत पायी जाणाऱ्या मुलांना होणाऱ्या इजांचे प्रमाण ४४ टक्क्यांनी घटले.

पहिली मोजणी अर्थातच योजनेआधी व्हावी आणि दुसरी त्याच ऋतूत. जुलैतल्या धो धो पावसात घेतलेला आकडा डिसेंबरच्या आकड्याशी ताडला, तर यश योजनेचे की कोरड्या रस्त्याचे, हे मुख्याध्यापकांनाही सांगता येणार नाही.