गळती दिसली की सुट्टीची वाट पाहू नये

आमच्या घरची फिशटँक तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. गेल्या भाद्रपदात गणपतीची आवराआवर चालू असताना सहावीतल्या आमच्या मुलीने दाखवले, की खालच्या डाव्या कोपऱ्यात सिलिकॉनच्या पट्टीखाली बुडबुड्यांची बारीक रांग दिसते आहे आणि पट्टीची कड काचेवरून सुटली आहे. "शेवाळ असेल गं," असे म्हणून आम्ही दोघेही मोकळे झालो. पंधरा दिवसांनी टाकीखालचे प्लाय फुगले. तेव्हा कुठे आम्ही वाकून पाहिले.

पुढे आम्ही जे केले ते सांगताना संकोच वाटतो, पण सांगितलेच पाहिजे. हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमला लावायची सिलिकॉनची ट्यूब आणली आणि पाणी तसेच ठेवून बाहेरून लेप दिला. चार दिवस टिकला. पाचव्या रात्री दोन वाजता पाण्याच्या आवाजाने जाग आली, तेव्हा ओघळ एक्स्टेन्शन बोर्डापर्यंत पोचला होता. आधी मेन स्विच बंद केला, एवढे एकच काम त्या रात्री बरोबर झाले. मासे काढून नळाच्या ताज्या पाण्याच्या बादलीत टाकले. आपल्या इंदूरला नळाला नर्मदेचे पाणी येते आणि ते क्लोरीन घालूनच येते. माणसाला ते हितकारक, माशांच्या कल्ल्यांना नाही. सकाळपर्यंत अकरापैकी चार मासे गेले. मुलगी आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे वाटले असते.

बाहेरचा लेप का टिकत नाही, हे नववीच्या विद्यार्थ्यांनी सांगावे. पाणी आतून बाहेर रेटते. आतली पट्टी त्या रेट्याने काचेवर अधिक दाबली जाते, बाहेरची मात्र काचेपासून ढकलली जाते. शिवाय ओल्या काचेला सिलिकॉन धरतच नाही. आणि बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशी येऊ नये म्हणून औषध मिसळलेले असते, ते माशांना विषारी. फिशटँकसाठी शुद्ध सिलिकॉनच हवे. ते वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो. पण वास आला म्हणजे औषध नाही असे समजू नये, ट्यूबवरचा मजकूर वाचावा.

उरलेल्या सात माशांना आम्ही मोठ्या टबात ठेवले, एअर पंप लावला, टाकीतले जुने पाणी वाचवून त्यात घातले. फिल्टरचा स्पंज त्याच पाण्यात भिजत ठेवला, कारण माशांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजात राहतात. नळाखाली धुतला की तेही मरतात. मग टाकी कोरडी करून आतली सगळी जुनी पट्टी ब्लेडने खरवडली. सगळी म्हणजे सगळी, फक्त गळका कोपरा नव्हे. जुन्या सिलिकॉनवर नवे नीट चिकटत नाही, हे ज्याला ठाऊक नाही तो दर महिन्याला एकेक कोपरा दुरुस्त करत बसतो. दोन काचांच्या मधल्या थराला मात्र हात लावायचा नसतो. काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावली, पट्टी ओढून बोटाने दाबली आणि वरची साय धरण्याआधी टेप काढली. टेप काढण्याचे काम मुलीने केले, तेही आमच्यापेक्षा सफाईने. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने वाळते, जाड थराला वेळ लागतो. आम्ही आठवडाभर थांबलो. नंतर अंगणात वर्तमानपत्रावर ठेवून दोन दिवस पाणी भरून पाहिले. कागद कोरडा राहिला.

मधल्या काळात एका नातेवाइकांनी सुचवले, की मासे सिरपूरच्या तलावात सोडून द्या, पुण्य लागेल. पुण्य कसले! सिरपूर २०२२ साली रामसर यादीत गेलेली पाणथळ जागा आहे. घरच्या टाकीतले परदेशी मासे तिथे सोडणे म्हणजे तिथल्या माशांच्या घरात घुसखोर घालणे.

हे सगळे घरचे रामायण शाळेच्या पत्रिकेत का, असे कोणी विचारील. प्राथमिक विभागाच्या पडवीत माजी विद्यार्थ्यांनी भेट दिलेली चार फुटी टाकी आहे. तिच्या मागच्या खालच्या कडेला पांढरा खर जमला आहे. पाणी पाझरून वाळले की त्यातले क्षार असेच मागे राहतात. पालक सभेत आम्ही हे बोललो, तेव्हा "उन्हाळी सुट्टीत बघू" असे उत्तर मिळाले. विश्वस्तांपुढे कामे पुष्कळ आहेत हे आम्ही जाणतो. तरीही हे उत्तर आम्हाला पटलेले नाही. त्या टाकीत दोन फूट पाणी असते. हिशेब केला तर एकट्या पुढच्या काचेवर दोनशे किलोंहून अधिक रेटा पडतो, आणि त्याच काचेसमोर पहिलीची मुले रोज रांगेत उभी राहतात. आमच्या घरच्या काचेवरचा रेटा नव्वद किलोंच्या आसपास होता.

म्हणून शाळेची टाकी आमच्यासारखी घरच्या घरी दुरुस्त करावी असे आम्ही म्हणणार नाही. एवढ्या उंचीच्या टाकीत काचांमधला मूळ सांधाच गेला असेल, तर ती सुटी करून पुन्हा जोडावी लागते, आणि ते टाक्या बनवणाऱ्या कारागिराचे काम आहे. त्याने नाही म्हटले तर टाकी बदलावी. भेटीचा फलक नव्या टाकीवरही लावता येईल. देणाऱ्यांना वाईट वाटेल, या भिडेपोटी गळकी काच मुलांसमोर ठेवणे आम्हाला योग्य वाटत नाही.

तोवर एक गोष्ट आजच होऊ शकते. काचेवरचा रेटा पाण्याच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. निम्मे पाणी काढले की तो चौथाईवर येतो. दोन फुटांचे पाणी एक फुटावर आणावे, काही मासे टबात हलवावेत आणि रांग समोरच्या भिंतीशी लावावी. टब आमच्याकडे दोन आहेत, एअर पंपही आहे. येत्या रविवारी सकाळी शिपाईमामांनी पडवीचे कुलूप उघडून दिले, तर आम्ही तिघेही येऊ.