गाडी कुणाच्या पत्त्यावर?

परवा निपाणीहून बापूचा फोन आला. बापू म्हणजे माझा मामेभाऊ. वयाने मोठा, पण लहानपणापासून आम्ही सगळे त्याला नुसतं बापूच म्हणतो. "तायडे, एक काम होतं," अशी सुरुवात झाली की समजायचं, काहीतरी भानगड आहे.

भानगड अशी. बापू नवी गाडी घेतोय. शोरूमची किंमत १२ लाख, पेट्रोलवर चालणारी. राहतो निपाणीत, दुकान निपाणीत, गाडी उभी राहणार निपाणीतच. पण नोंदणी त्याला सांगलीची हवी. "आत्याच्या घराचं लाइटबिल पाठव की. आधारवर तो पत्ता टाकून घेतो. वर्षभराने परत बदलीन." आत्या म्हणजे माझी आई. विश्रामबागेतलं आमचं घर तिच्या नावावर आहे.

मी नाही म्हटलं. बापू हसला, मग चिडला, मग म्हणाला, "अगं, सगळे करतात!" आणि फोन ठेवला. त्याला पंधरा दिवस झाले. अजून रुसलाय. त्याचं चुकलं असं मला त्या दिवशी ठामपणे वाटत होतं, आजही वाटतं. पण रात्री कागद-पेन घेऊन हिशोब केला तेव्हा बापूपेक्षा जास्त राग दुसऱ्यांचाच यायला लागला. म्हणून हा लेख.

आधी हिशोब. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर एकरकमी वाहनकर आहे तो असा: १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाख १२ टक्के, त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर २ टक्के जास्त. कर्नाटकात ५ लाखांपर्यंत १३, ५ ते १० लाख १४, १० ते २० लाख १७ आणि त्यापुढे १८ टक्के. शिवाय त्या करावर उपकर वेगळा. म्हणजे बापूच्या १२ लाखांच्या गाडीला सांगलीत कर १ लाख ४४ हजार आणि निपाणीत २ लाख ४ हजार, अधिक उपकर. नुसत्या करातच सरळ ६० हजारांचा फरक. तीच कंपनी, तोच रंग, तेच मॉडेल. कोगनोळीचा टोलनाका ओलांडून कागलच्या हद्दीत आलं की गाडी ६० हजारांनी स्वस्त!

आपल्याकडे कुठेही असा फरक दिसला की लोक दोन गोष्टी बोलतात. एक, "डीलर लुटतो." दोन, "वाहतुकीचा खर्च असेल." दोन्ही चूक. शोरूमची किंमत दोन्हीकडे जवळजवळ सारखीच असते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी सगळीकडे एकच आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, तोही सांगलीत आणि निपाणीत एकाच दिवशी. वाहतुकीचं म्हणाल तर इनोव्हा बंगळुराजवळ बिडदीला तयार होते. पण ती बंगळुरात रस्त्यावर आणायला जेवढा कर पडतो त्यापेक्षा सांगलीत कमी पडतो! म्हणजे कारखान्याच्या दारात महाग आणि सहाशे किलोमीटरवर स्वस्त. फरक आहे तो फक्त राज्याच्या वाहनकराचा.

आता कुणी म्हणेल, मग बिघडलं कुठे? देशादेशांत असा फरक असतोच. असतो ना. आपल्याकडे तयार झालेली गाडी सीमा ओलांडून नेपाळमध्ये गेली की तिथल्या करांनी तिची किंमत दुपटीच्याही पुढे जाते. डेन्मार्कमध्ये एके काळी नोंदणी कर १८० टक्क्यांपर्यंत होता आणि शेजारच्या जर्मनीत असा नोंदणी करच नाही. पण ते वेगवेगळे देश आहेत हो! आणि त्या युरोपातसुद्धा १९९८ साली फोक्सवॅगनला दहा कोटी एक्यूहून अधिक दंड झाला. एक्यू म्हणजे युरोच्या आधीचं त्यांचं हिशोबाचं चलन. गुन्हा काय, तर इटलीत गाडी स्वस्त होती आणि जर्मनी-ऑस्ट्रियाच्या गिऱ्हाइकांना ती तिथून घ्यायला कंपनी अडथळे आणत होती. एकमेकांशी दोन महायुद्धं लढलेले देश म्हणतात की गिऱ्हाइकाला सीमेवर अडवायचं नाही. आणि आपण, एक देश, एक घटना, एक जीएसटी... आणि गाडीपुरती मात्र छत्तीस संस्थानं.

राज्यांची बाजूही सांगते, नाहीतर भाऊजी म्हणतील एकतर्फी लिहिलं. (आमचे भाऊजी सरकारी नोकरीतून निवृत्त, त्यांना सरकारचा अपमान सहन होत नाही.) वाहनकर हा घटनेतच राज्यांच्या यादीत आहे. जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे मोठे कर उरले किती? पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं शुल्क, मुद्रांक शुल्क आणि हा वाहनकर. त्यामुळे राज्यं त्याला घट्ट धरून बसली आहेत. त्यांनाही रस्ते करायचेत, पगार द्यायचेत. कर नकोच असं मी म्हणत नाही. कर्नाटकाने महाराष्ट्रापेक्षा जास्त का घ्यावा हासुद्धा माझा मुद्दा नाही. तो तिथल्या मतदारांनी विचारावा.

माझा मुद्दा वेगळा आहे. हा कर पंधरा वर्षांचा एकदम, गाडीच्या किमतीवर आणि मालकाच्या पत्त्यावर घेतला जातो. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की काय होतं? जो पत्ता खोटा सांगतो त्याचा फायदा आणि जो खरंच पत्ता बदलतो त्याचा तोटा.

बापूचं सांगितलं. आता दुसरी बाजू ऐका.

माझ्या नणंदेचं गाव विट्याजवळ. खानापूर, आटपाडी आणि इकडचे माण, खटाव या भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी सगळ्या देशात पसरली आहेत हे तुम्हाला माहीत असेलच. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा धंदा. दुष्काळाने शेती पिकेना म्हणून पिढ्यांपूर्वी बाहेर पडलेली ही माणसं. आज तामिळनाडूपासून उत्तर प्रदेशापर्यंत कुठल्याही सराफ बाजारात गेलात तर मागच्या गल्लीत विट्याकडचं मराठी कानावर पडेल. जत्रेला गावात जाऊन बघा. देवळासमोरच्या पटांगणात टीएन, केएल, एपी, यूपी, सगळ्या पाट्यांच्या गाड्या. एमएच १० शोधावी लागते.

नणंदेचा मुलगा असाच दक्षिणेतल्या एका शहरात पंधरा वर्षं होता. गाडी तिथेच घेतली, तिथला पूर्ण कर तिथेच भरला. अगदी सरळ. दोन वर्षांपूर्वी वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून दुकान भावाकडे सोपवून गावी आला. परत जाणं झालंच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी बारा महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिली तर नोंदणी बदलावी लागते. तो नियम पाळायला निघाला. कर्ज होतं म्हणून आधी बँकेची एनओसी. मग जुन्या आरटीओची एनओसी. मग गाडी चोरीची नाही याचा दाखला. मग इथे गाडीच्या वयाप्रमाणे पुन्हा कर. मग नवा नंबर. आणि हे सगळं झाल्यावर, नव्या नोंदणीचे कागद घेऊन, जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. परतावा मिळायची तरतूद आहे, नाही असं नाही. पण तिथल्या कार्यालयात दोनदा हजार किलोमीटर जाऊन आला. फाइल "पुढे गेलेली" आहे. कुठे पुढे, ते कुणी सांगत नाही.

मला म्हणाला, "मामी, मी गाडी विकायला हवी होती आणि इथे जुनी घ्यायला हवी होती. खरं वागलो हेच चुकलं."

हे वाक्य मला टोचलं. पस्तिशीच्या मुलाने असं म्हणावं? आणि तिकडे बापू मजेत सांगतो, सगळे करतात. श्रीमंतांचं तर विचारूच नका. २०१७ साली केरळात गाजलेलं प्रकरण आठवत असेल. कर वाचवायला आलिशान गाड्या पुदुच्चेरीच्या खोट्या पत्त्यांवर नोंदवलेल्या.

कर्नाटकाने तर २०१४ मध्ये आणखी कडी केली होती. दुसऱ्या राज्याची गाडी ३० दिवसांहून जास्त राहिली की आजीवन कर भरा! आपल्या एमएच गाड्या घेऊन बंगळुरात नोकरी करणाऱ्या पोरांना विचारा काय हाल झाले. शेवटी २०१६ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द केली.

"यावर उपाय नाही, राज्यं ऐकणार नाहीत," असं भाऊजी म्हणतात. भाऊजी, उपाय आधीच झालेत, फक्त तुमच्या-आमच्यासाठी नाहीत! मालाच्या ट्रकला २०१० पासून राष्ट्रीय परवान्याचं वार्षिक एकत्रित शुल्क आहे. ते भरलं की ट्रक देशभर फिरतो आणि पैसे राज्यांत वाटले जातात. पर्यटक गाड्यांना २०२१ पासून अखिल भारतीय परवाना आहे. आणि त्याच वर्षी १५ सप्टेंबरपासून बीएच मालिका आली. पाटीवर राज्याचं नावच नाही, कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, बदली झाली तरी नंबर तोच. काय सुंदर कल्पना! पण मिळते कुणाला? सैन्यातल्यांना, सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमांच्या नोकरांना, आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना. गलाईवाल्याला नाही. सांगलीच्या हळद व्यापाऱ्याला नाही. स्वतःचा दवाखाना असलेल्या डॉक्टरला नाही. मुलाकडे हैदराबादला राहायला गेलेल्या निवृत्त मास्तरांना नाही. म्हणजे ज्याची बदली सरकार किंवा कंपनी करते त्याला सवलत, आणि ज्याची बदली दुष्काळ करतो, बापाचं आजारपण करतं, त्याने खेटे घालावेत.

हा भेदभाव आहे. दुसरा शब्द मला सुचत नाही.

करायचं काय, ते फार अवघड नाही. बीएचसारखा एक-दोन वर्षांचा कर सगळ्यांना खुला करा. दर राज्यांनी आपापले ठेवावेत, हवे तर. ज्या वर्षी गाडी जिथे राहील त्या वर्षीचा कर त्या राज्याला. मग परताव्याचा प्रश्नच येत नाही आणि खोट्या पत्त्यातली कमाईही बरीचशी आटते. घटनेच्या समवर्ती यादीत वाहनकराची तत्त्वं ठरवायचा विषय आहे, म्हणजे संसदेला हे करायला दार उघडं आहे. "दरवर्षी लोक कर भरणार नाहीत" ही जुनी सबब. विमा दरवर्षी भरतोच की. पीयूसी काढतोच. साताऱ्याहून सांगलीला माहेरी जाताना तासवड्याला फास्टॅग टिंग करून पैसे कापतो, तोच फास्टॅग पुढे कोगनोळीलाही कापतो. तेव्हा नाही कुणी विचारत गाडी कुठल्या राज्याची! पैसे घ्यायचे तेव्हा देश एक, परत द्यायचे तेव्हा राज्यं वेगळी, असं कसं चालेल?

तोवर मधला मार्ग म्हणून एवढं तरी करा. नव्या राज्यात नोंदणी झाली की परतावा आपोआप जुन्या राज्याने नव्या राज्याकडे वळता करावा. ट्रकच्या शुल्काचे पैसे राज्यांत वाटता येतात, तर एका गाडीच्या कराचे का नाही? माणसाने फाइल घेऊन दोन सरकारांच्या मध्ये हजार किलोमीटर का पळायचं?

असो. लिहिता लिहिता फार लांबलं. आईने हे वाचून फोन केला तर मी तयार आहे. बापूला नाही म्हटल्याबद्दल तिची बोलणी आधीच खाऊन झाली आहेत. "एक लाइटबिल तर मागितलं होतं," म्हणे.

बापू, वाचत असशील तर ऐक. तुझे साठ हजार जातात त्याचं मलाही वाईट वाटतं. पण तू खोटा पत्ता दिलास की विट्याच्या त्या पोराचं खरं वागणं आणखी वेड्यासारखं दिसतं, एवढंच मला म्हणायचं होतं. फोनवर नीट सांगता आलं नाही. गाडी केए २३ पाटीची घे आणि पहिल्यांदा साताऱ्याला घेऊन ये. कंदी पेढे माझ्याकडून. पत्ता तुला माहीतच आहे, फक्त आरटीओला देऊ नकोस. :)