आपल्या गावचा तबला कोण ऐकणार?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता आहे २,९२० मेगावॅट. ऊर्जानगरच्या वसाहतीत राहणाऱ्या मुलांना हा आकडा पाठच असेल, कारण कुणाचे बाबा तिथे, तर कुणाची आई. ही वीज तारांवरून महाराष्ट्रभर जाते. पुण्या-मुंबईच्या एखाद्या मैफलीत गायकापुढचा माइक आपल्याकडच्या विजेवर चालला असेल, कोण जाणे! आता कोडं असं : गेल्या वर्षभरात तुम्ही आपल्याच जिल्ह्यातल्या किती गायक-वादकांना समोर बसून ऐकलंत? टीव्हीवर नाही, मोबाइलवर नाही, अगदी समोर बसून. मोजा बरं बोटांवर!

बहुतेकांची मोजणी एका हातातच संपली असेल. मग आपल्याकडे वादक नाहीतच का? छे! भरपूर आहेत. भजनी मंडळात पेटी वाजवणारे आहेत, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट फुंकणारे आहेत, गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत ढोलाच्या तालावर रात्रभर रेला गाणारे आहेत. आणि दिवाळी झाली की नाटकांमागे गावोगाव फिरणारे ऑर्गनवाले आणि तबलजी तर आहेतच. कला आहे, पण कलावंत आणि ऐकणारे यांची गाठ घालून देणारं कुणी हवं. आज आपण त्याचाच विचार करू.

धान निघालं की नाटक

आधी आपल्याच घरातलं मोठं उदाहरण पाहू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतल्या झाडी-जंगलाच्या, धानाच्या मुलखाला म्हणतात झाडीपट्टी. इथली नाटकं म्हणजे झाडीपट्टी रंगभूमी. ही परंपरा शंभराहून जास्त वर्षांची आहे. दंडार, खडी गंमत यांसारखे लोककलेचे प्रकार या मातीत आधीपासून होतेच. त्यांच्याच सोबतीने हे नाटक वाढलं.

हंगाम सुरू होतो दिवाळीनंतर आणि चालतो होळीच्या आसपासपर्यंत. हेच दिवस का? कारण सोपं आहे. हलकं धान निघालेलं असतं, भारी धान निघायच्या बेतात असतं, घरात चार पैसे येतात आणि शेतकऱ्याला जरा उसंत मिळते. भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक! दहा-अकराला पडदा वर जातो तो थेट पहाटे खाली. लोक चादरी-घोंगड्या घेऊनच येतात. लहान पोरं पहिल्या अंकात टाळ्या वाजवतात आणि तिसऱ्या अंकात आजीच्या मांडीवर गाढ झोपतात!

या सगळ्याचं केंद्र म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा, म्हणजेच देसाईगंज. नाट्यमंडळांची कार्यालयं तिथे आहेत. गावातलं मंडळ वडशाला जातं, नाटक ठरवतं, रक्कम ठरते, तारीख ठरते. मग गावकरीच मंडप घालतात, तिकिटं विकतात, पोस्टरं चिकटवतात. गाडीवर भोंगा लावून आसपासच्या खेड्यांत पुकारा होतो. तिकिटं खपली तर मंडळाला फायदा, नाही खपली तर तोटाही मंडळाचाच. नफ्यातून एखादं गाव शाळेचं काम करतं, एखादं देवळाचं.

म्हणजे बघा, कुण्या मोठ्या शहरातल्या कंपनीची वाट न पाहता इथल्या खेड्यांनी स्वतःच कलावंतांसाठी बाजारपेठ उभी केली. ही काही लहान गोष्ट नाही.

रंगमंचासमोर बसलेला वादक

या नाटकात संगीत जिवंत असतं. रंगमंचाजवळ ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड घेऊन वादक बसलेले असतात. खलनायक आला की धडधड, आई रडली की ऑर्गनचा लांब सूर, विनोदी नट घसरून पडला की तबल्यावर झटकन थाप. नट एखादं वाक्य विसरला तर वेळ सावरून न्यायची कुणी? वादकाने! हे कौशल्य पुस्तक वाचून येत नाही. रात्रीमागून रात्र वाजवून वाजवूनच येतं.

तुमच्या आवडीच्या बीटल्सचंच पाहा ना. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलची ही मुलं १९६० मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात वाजवायला गेली. तिथल्या क्लबांत रोज रात्री कित्येक तास वाजवावं लागे. जॉर्ज हॅरिसन तेव्हा सतरा वर्षांचा होता. वय कमी म्हणून त्याला परतही पाठवलं होतं! पण त्या लांबलचक रात्रींनी त्यांचा हात बसला आणि पुढे सारं जग त्यांना ओळखू लागलं. आपला झाडीपट्टीचा तबलजीही अशाच रात्री जागवतो. फरक एवढाच, की त्याचं नाव तालुक्याबाहेर फारसं जात नाही.

नाव जाऊ शकतं, हेही तितकंच खरं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे ज्येष्ठ झाडीपट्टी कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पाच हजारांहून अधिक प्रयोग आणि सुमारे ८०० भूमिका असा त्यांचा हिशेब सांगितला जातो. त्याआधी २०२२ मध्ये ‘झॉलीवूड’ हा झाडीपट्टी रंगभूमीवरचा मराठी चित्रपट आला. तेव्हा कुठे राज्यातल्या पुष्कळ लोकांना कळलं, की अरे, विदर्भाच्या टोकाला असंही काही आहे!

मग अडतं कुठे?

एक अडचण दिवसांची. हंगाम चार-पाच महिन्यांचा. उरलेल्या महिन्यांत बरेच कलावंत शेतीत राबतात, मजुरी करतात, लग्नसराईत बँडमध्ये वाजवतात. २०२० मध्ये करोनाच्या साथीत हंगाम बुडाला, तेव्हा या घरांची फार ओढाताण झाली. एकाच हंगामावर सगळी भिस्त असली की असंच होतं.

दुसरी अडचण आपण स्वतः. हो, आपणच! शाळेच्या स्नेहसंमेलनात नाच बसवायचा म्हटलं की आपण पेन ड्राइव्हमध्ये गाणं भरतो आणि स्पीकरला लावतो. गणपतीत तेच, शारदा उत्सवात तेच. गावात तबला वाजवणारा असतो, पण त्याला कुणी विचारतच नाही. विचारलं तरी, “काका, या ना, आपलंच आहे,” असं म्हणून फुकट वाजवून घेतात. मंडपवाल्याला पैसे, स्पीकरवाल्याला पैसे, जेवणवाल्याला पैसे, आणि वादकाला नारळ! हे बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.

स्टेज कुठे कुठे आहे?

आता तुमच्यापैकी जी मुलं स्वतः गातात-वाजवतात त्यांच्यासाठी. “आमच्याकडे स्टेजच नाही हो,” अशी तक्रार नेहमी ऐकू येते. जरा डोळे उघडून पाहू.

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी काय केलं? हातात एक खंजिरी घेतली आणि चौकात, पारावर, शेताच्या बांधावर भजन म्हटलं. चिमूरच्या परिसराशी त्यांचं जवळचं नातं. त्यांची भजनं लोकांना अशी जागवत, की १९४२ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना अटक केली. आजही ३० एप्रिलला त्यांची जयंती ग्रामजयंती म्हणून साजरी होते आणि खंजिरी भजनाच्या स्पर्धाही गावोगाव होतात. खंजिरी महाग नसते. शिकायला गावातलंच भजनी मंडळ पुरतं.

भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भात मुली भुलाबाई मांडतात. गाणी तोंडपाठ असतातच. त्यात एखाद्या मैत्रिणीने पेटी धरली तर? झाली की मैफल!

शाळेतून जाण्यासारख्या वाटाही आहेत. केंद्र सरकारचा ‘कला उत्सव’ २०१५ पासून सुरू आहे. नववी ते बारावीच्या मुलांसाठी तो शाळेपासून जिल्हा, राज्य आणि देशपातळीपर्यंत जातो. त्यात गायन आहे, वादनही आहे. तुमच्या शाळेतून कुणी जातं का, हे मुख्याध्यापकांना विचारा. दिल्लीच्या सीसीआरटी या संस्थेची १० ते १४ वयाच्या मुलांसाठी कला-शिष्यवृत्ती आहे. तिच्यात लोककलाही चालतात, बरं का! चंद्रपूरला आकाशवाणीचं केंद्र आहे. आकाशवाणीवर गायचं तर स्वरचाचणी द्यावी लागते. उत्तीर्ण झाल्यावर ‘बी’ श्रेणी मिळते, मग ‘बी-हाय’, मग ‘ए’ आणि सगळ्यात वर ‘टॉप’. एकदम उडी नाही, पायरी-पायरीने. चाचणी कधी आहे, ते केंद्रावर जाऊन विचारावं. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे लोककलांचे कार्यक्रम होतात. आपल्या गावच्या दंडारीच्या किंवा रेला नृत्याच्या पथकाची माहिती तुम्ही नीट लिहून तिथे पाठवू शकता. पथकातल्या म्हाताऱ्या आजोबांना अर्ज लिहिता येत नसेल, पण तुम्हाला येतो ना? मग झालं तर!

मागायचं कसं?

कार्यक्रम मागताना लाजायचं नाही आणि फुशारकीही मारायची नाही. तयारी मात्र पक्की हवी. वीस मिनिटांचा कार्यक्रम बसवून ठेवा : तीन-चार गाणी, कोणतं आधी, कोणतं शेवटी, साथीला कोण. एखादं गाणं मोबाइलवर नीट रेकॉर्ड करा. पंखा बंद करून बरं का, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये गाण्यापेक्षा पंखाच जास्त! एका पानाचा अर्ज लिहा : आम्ही कोण, काय सादर करतो, किती वेळ लागतो, किती माइक लागतात, मानधन किती. अर्ज उत्सवाच्या आदल्या दिवशी नेऊ नका, दीड-दोन महिने आधी न्या. आणि वेळ पाळा. वेळेवर येणाऱ्या वादकाला लोक पुढच्या वर्षी आपणहून बोलावतात.

ज्यांना गाता येत नाही त्यांनी काय करायचं? त्यांचं काम तर याहून मोठं! कार्यक्रम भरवायचा. हिशेब मांडून पाहू. समजा तुमच्या वसाहतीतल्या ६० घरांनी प्रत्येकी ५० रुपये दिले, तर ३,००० रुपये झाले. तीन कलावंतांना ८०० रुपयांप्रमाणे २,४०० रुपये. उरलेल्या ६०० रुपयांत पोस्टरचा कागद, चहा आणि छोट्या स्पीकरचं भाडं भागवायचं. जागा शाळेची किंवा इमारतीखालची. सतरंज्या घरोघरच्या. एवढ्यात एक संध्याकाळ होते!

दोन गोष्टी विसरू नका. पोस्टरवर गायकाइतकंच ठळक नाव तबलजीचं आणि पेटीवाल्याचंही लिहा. आणि कार्यक्रम रात्री १० च्या आत संपवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणे त्यानंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. उत्सवाच्या काही ठरावीक दिवशीच सरकार सवलत देतं. लाउडस्पीकरची परवानगी मोठ्या माणसांना आधीच काढायला सांगा. शेजारी परीक्षेचा अभ्यास करणारी ताई असेल, तिचाही विचार हवा ना!

आता दोन शब्द आईबाबांशी

मूल तबल्याच्या क्लासला जातं, परीक्षा देतं, प्रमाणपत्र भिंतीवर लागतं आणि दहावी आली की तबला माळ्यावर जातो. किती घरांत हेच होतं! तुमची काळजी खोटी नाही. झाडीपट्टीचा हंगाम आणि शाळेचं वर्ष एकाच वेळी चालतं. ऐन परीक्षेच्या तोंडावर रात्रभराचं जागरण मुलाला परवडणार नाही. तेव्हा अभ्यास सोडा, असं इथे कुणीच म्हणत नाही. पण वर्षातून दोन-तीनदा लोकांसमोर वाजवल्याने अभ्यास बुडत नाही. उलट चारचौघांत उभं राहायची भीती जाते.

आणखी एक विनंती. झाडीपट्टीचं नाटक म्हणजे खेड्यातल्या लोकांचा खेळ, आपल्या मुलांनी काय पाहायचं त्यात, असं काही जण म्हणतात. काही नाटकांतला नाच-विनोद मुलांसोबत पाहण्यासारखा नसतो, हेही खरं. पण सगळीच नाटकं तशी नाहीत. आधी चौकशी करा, चांगलं नाटक निवडा आणि एकदा तरी मुलांना घेऊन जा. तिकीट काढून जा, पास मागू नका! त्या तिकिटावरच वादकाच्या घरची चूल पेटते.

या आठवड्याचा उद्योग

मुलांनो, एक वही घ्या. आपल्या गावात, वसाहतीत, शेजारच्या टोल्यावर कोण कोण गातं-वाजवतं याची यादी करा. नाव, वाद्य, कुणाकडून शिकले, शेवटचं कधी आणि कुठे वाजवलं, हे चार रकाने आखा. पोस्टमन काका, दूधवाले दादा, भाजीवाल्या मावशी, कुणालाही वगळू नका. कोण छान ढोलकी वाजवत असेल, सांगता येत नाही! शेवटच्या रकान्यात ज्यांच्यापुढे “पाच वर्षांपूर्वी” किंवा “कधीच नाही” असं येईल, त्यांच्या नावाखाली लाल रेघ मारा. मग वही घेऊन वर्गशिक्षकांकडे जा आणि विचारा, “सर, यंदाच्या स्नेहसंमेलनात पेन ड्राइव्हऐवजी यांना बोलावू या का? मानधन आम्ही वर्गणी काढून देऊ.”

सर काय म्हणाले, ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. यादीत किती नावं निघाली, तेही लिहा. वाट पाहत आहोत!