पडद्याआधीची वीस वर्षं

गेल्या आठवड्यात एका माजी विद्यार्थिनीचा फोन आला. नऊ वर्षं ती एका मराठी वृत्तवाहिनीच्या पडद्यावर आहे. आधी सकाळी सहाचं बातमीपत्र, मग दुपारचं, मग प्राइम टाइम, अशी एकेक पायरी चढत गेलेली. भाजी घेताना, लग्नकार्यात लोक तिला ओळखतात, सेल्फी मागतात. आता वाहिनीत वरची माणसं बदलली आहेत, त्यांना ‘फ्रेश चेहरे’ हवे आहेत आणि तिच्या कराराचा विषय कुणी काढत नाही. मी म्हटलं, दुसरीकडे बघ, नाहीतर सरळ वर्तमानपत्रात ये. ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “सर, नऊ वर्षांत मी एकही बातमी आणलेली नाही. फक्त वाचल्यात. आणि रोज रात्री चार जणांची भांडणं लावून दिलीत.”

फोन ठेवल्यावर मला सुरेंद्र प्रताप सिंह आठवले.

आजच्या पंचविशीतल्या पत्रकाराला हे नाव कदाचित ठाऊक नसेल. हिंदी पत्रकारितेत सगळे त्यांना ‘एसपी’ म्हणत. ‘आज तक’ ही वाहिनी नव्हती, दूरदर्शनच्या मेट्रो चॅनेलवरचा रात्रीचा वीस मिनिटांचा कार्यक्रम होता, तेव्हाचे ते तिथले संपादक आणि निवेदक. जुलै 1995 मध्ये कार्यक्रम सुरू झाला आणि 27 जून 1997 रोजी एसपी गेले. टीव्हीवरची त्यांची सगळी कारकीर्द एवढीच, दोन वर्षंही पुरती भरली नाहीत. आजच्या वाहिन्यांत इतक्या दिवसांत माणूस जेमतेम रात्रपाळीतून सुटतो.

पण पडद्यावर आले तेव्हा ते सेहेचाळीस वर्षांचे होते आणि त्याआधीची वीसहून जास्त वर्षं त्यांनी छापील शब्दात घालवली होती. मला या माणसात रस आहे तो त्या वर्षांमुळे.

मूळ गाव उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरकडचं, पण वाढले कोलकात्याजवळच्या ताग गिरण्यांच्या पट्ट्यात, गारुलियाला. म्हणजे हिंदी बोलणाऱ्या गिरणी कामगारांच्या वस्तीत, बंगाली वातावरणात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टाइम्स समूहाचे प्रशिक्षणार्थी म्हणून ते मुंबईत आले. समूहाच्या ‘धर्मयुग’चा तो बहराचा काळ, संपादक धर्मवीर भारती. तिथे एसपी घडले असं म्हणायची पद्धत आहे. मला वाटतं, भारतींच्या त्या देखण्या, साहित्यिक साप्ताहिकात आपल्याला काय करायचं नाही, हेही त्यांना तिथेच कळलं असावं. कारण 1977 मध्ये आणीबाणी उठल्यानंतर कोलकात्याला जाऊन आनंद बाजार समूहाचं ‘रविवार’ त्यांनी हाती घेतलं, ते अगदी वेगळ्या वळणाचं. ‘संडे’ या इंग्रजी साप्ताहिकाचं हे हिंदी भावंड, पण कुणाच्या सावलीत न राहिलेलं. हिंदी साप्ताहिक म्हणजे कथा, कविता आणि दिल्लीचं राजकारण, हा साचा ‘रविवार’ने मोडला. वार्ताहर गावात जायचा, पोलीस ठाण्यात बसायचा, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या ओट्यावरून लिहायचा. पुढे ‘नवभारत टाइम्स’, आधी मुंबईत, मग दिल्लीत. 1990 मध्ये मंडल आयोगावरून उत्तर भारत पेटला आणि बहुतेक संपादकांच्या लेखण्या एकाच बाजूला कलल्या, तेव्हा उघडपणे आरक्षणाच्या बाजूने उभे राहिलेल्या मोजक्यांत हे होते.

एवढं सगळं गाठीला बांधून हा माणूस कॅमेऱ्यासमोर आला. आपल्याकडे तोवर पडद्यावर दिसणारा माणूस वेगळ्या जातकुळीचा असे. मुंबई दूरदर्शनवर स्मिता पाटील, भक्ती बर्वे, प्रदीप भिडे बातम्या वाचत. काय आवाज, काय उच्चार! भिड्यांच्या बातम्या सुरू झाल्या की घड्याळ लावावं. पण ते वृत्तनिवेदक होते. बातमी वृत्तविभाग लिही, ते ती पोचवत, आणि आपण पत्रकार असल्याचा आव त्यांनी कधी आणला नाही. एसपींचं उलटं होतं. दाढी, चष्मा, बोलण्यात पूर्वेकडचा ठसका, आवाजात कमावलेलं काही नाही. शेजारचा मास्तर संध्याकाळी ओट्यावर बसून आज काय झालं ते सांगतोय, असं वाटे. दूरदर्शनची संस्कृतात भिजवलेली हिंदी त्यांनी बाजूला ठेवली आणि रस्त्यावरची हिंदी आणली. बातमीच्या शेवटी एखादं तिरकस वाक्य टाकून नेत्याची हवा काढून घ्यायची, ही त्यांची खास लकब. ‘ये थीं खबरें आज तक, इंतजार कीजिए कल तक’ हा निरोप पुण्यात आमच्या रात्रपाळीतले शिपाईसुद्धा म्हणत. पहिलं पान लावता लावता आम्ही केबलवर तो कार्यक्रम लावून ठेवायचो. बातम्या मिळवायला नव्हे, त्या तर तारेने आधीच आलेल्या असायच्या. आपण दिलेल्या मथळ्यापेक्षा यांचा मथळा किती सोपा आहे, हे बघायला.

आणि हे सगळं सरकारी चॅनेलवर, दूरदर्शनच्या नजरेखाली. कार्यक्रम आधी चित्रमुद्रित व्हायचा, टेप दूरदर्शनच्या हवाली करावी लागायची. लाइव्ह नाही, ओबी व्हॅन नाही, टिकर नाही.

त्या काळातली एक बातमी मी दर वर्षी वर्गात सांगतो. 21 सप्टेंबर 1995. पहाटेपासून देशभर एकच गलका, गणपती दूध पितोय. आपल्याकडे तर विचारायलाच नको. देवळांपुढे रांगा, दुधाची टंचाई, चमचा मूर्तीच्या सोंडेला लावला की दूध गायब. शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलं की ते पृष्ठताणामुळे ओढलं जातं आणि मूर्तीवरून पातळ धारेने खाली ओघळतं. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे आपले कार्यकर्तेही तेच सांगत होते. पण ऐकतंय कोण! ‘आज तक’ने काय केलं? रस्त्याच्या कडेला चपला शिवणाऱ्या एका कारागिराकडे कॅमेरा नेला. त्याच्यापुढे चपला ठोकायची तीन पायांची लोखंडी ऐरण होती. तिला दुधाचा चमचा लावला. ऐरणही दूध प्यायली.

बस. प्राध्यापक नाही, चर्चा नाही, पडद्यावर चार चौकटी नाहीत. भक्तांची टिंगलही नाही. फक्त लोखंडाचा एक तुकडा दूध पितोय.

ही कल्पना वातानुकूलित खोलीत सुचत नाही. वर्षानुवर्षं फुटपाथवरून चाललेल्या, तिथे कोण बसतं आणि त्याच्यापुढे काय काय मांडलेलं असतं हे पाहिलेल्या माणसालाच ती सुचते किंवा दुसऱ्या कुणी आणली तर पटते. टीव्ही हे खर्चाचं माध्यम आहे, असं मी म्हणतो ते यासाठी. चेहरा, आवाज, माहिती, ओळखी, सगळं ते रोज रात्री थोडं थोडं खर्च करतं. कमाई दुसरीकडे करून यावं लागतं. एसपींनी ती मुंबई, कोलकाता, दिल्ली अशी वीस वर्षं केली होती. माझ्या विद्यार्थिनीला आम्ही बाविसाव्या वर्षी स्टुडिओच्या दिव्यांखाली उभं केलं. ‘आम्ही’ म्हणतो, कारण तिची पहिली स्क्रीन टेस्ट मीच घेतली होती आणि उच्चार स्वच्छ आहेत म्हणून शिफारसही केली होती.

आता तिच्यापर्यंत बातमी कशी येते ते बघा. तालुक्याचा स्ट्रिंगर दुचाकीवरून जाऊन मोबाइलवर दृश्यं आणि दोन बाइट घेतो. त्याला पगार नाही, बातमीमागे पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. इनपुट डेस्कवरचं पोरगं ते उतरवून घेतं, आउटपुटवाला चार ओळी लिहितो, त्या टेलिप्रॉम्प्टरवर चढतात. कानात पीसीआरमधून, म्हणजे नियंत्रण कक्षातून, कुणीतरी ओरडत असतं, “ताण, ताण, पाहुणा अजून आलेला नाही.” जो घटनास्थळी गेला तो पडद्यावर दिसत नाही आणि जी पडद्यावर दिसते ती कधी गेलेलीच नसते. नोकरी जायची वेळ आली की दोघांच्याही हाती काही लागत नाही.

तरी एसपींचा देव्हारा करायलाही मी तयार नाही. त्यांना वीस मिनिटं होती. निवडणं भागच होतं, आणि निवडणारा जाणता होता म्हणून ते चांगलं झालं. 31 डिसेंबर 2000 पासून ‘आज तक’ चोवीस तास झालं. त्या चोवीस तासांत एसपींनी काय भरलं असतं, हे कुणी छातीठोकपणे सांगू नये. शिवाय ते बातमीअखेरचं तिरकस वाक्य! एसपींच्या तोंडी ते शोभायचं, कारण त्यामागे ‘रविवार’ होतं, मंडलच्या वेळी घेतलेली भूमिका होती. पण निवेदकाने बातमीवर बोलायचं असतं हे प्रेक्षकाला आणि मालकाला चटक लागल्यासारखं आवडलं ते तिथपासूनच. आज रात्री नऊला जी शेरेबाजी चालते ती त्याच रोपट्याचं झाड आहे. लावणाऱ्याचा दोष नाही, पण रोप त्यांच्या अंगणातलं होतं हे नाकारण्यात अर्थ नाही.

13 जून 1997, शुक्रवार. दिल्लीत ‘उपहार’ चित्रपटगृहात दुपारच्या खेळाला ‘बॉर्डर’ लागला होता. तळमजल्यावरच्या ट्रान्स्फॉर्मरने पेट घेतला, धूर वर चढला, बाल्कनीतली माणसं गुदमरली. 59 मृत्यू. एसपींचं शेवटचं बातमीपत्र या दुर्घटनेचं. त्यानंतर काही दिवसांतच मेंदूत रक्तस्राव झाला आणि ते शुद्धीवर आलेच नाहीत. त्या बातमीने त्यांचा बळी घेतला, असं हिंदीत पुष्कळांनी लिहून ठेवलंय. डॉक्टर असं म्हणणार नाहीत आणि मलाही तसं म्हणवत नाही. मात्र त्या दृश्यांपुढे त्या रात्री बसलेला माणूस गिरणीवस्तीतून आलेला होता, गर्दीत कोण चेंगरतं हे त्याला वाचून कळलेलं नव्हतं, एवढं खरं. तेव्हा त्यांचं वय होतं अठ्ठेचाळीस.

परवा त्या मुलीचा पुन्हा फोन आला. तिच्या गावाकडच्या एका जिल्हा दैनिकात वार्ताहराची जागा आहे, पगार आत्ताच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. फ्लॅटचा हप्ता चालू आहे, मुलगी पहिलीत आहे. “जाऊ का?” तिने विचारलं. मी एसपींची गोष्ट सांगायला लागलो, तर मध्येच तोडून म्हणाली, “सर, त्यांची वीस वर्षं आधी झाली होती. माझी नऊ गेली आहेत.” मला पटकन काही बोलता आलं नाही. रविवारी ये, बसून बोलू, एवढंच म्हटलं.