माशांचा दिवा आणि घरची झोप

गेल्या महिन्यात साताऱ्याहून सांगलीला धाकट्या भावाकडे मुक्कामाला गेलो होतो. पुतण्या नववीत आहे. "भाऊजी, याला रात्री झोप येत नाही आणि वर्गात डुलक्या घेतो. जरा तपासता का?" भावजय म्हणाली.

मी आधी त्याची खोली पाहिली. उशाशी काचेची पेटी, त्यात पाच-सहा गोल्डफिश आणि वर रात्रभर चालणारा निळा दिवा. "काका, निळ्यात मासे भारी दिसतात," पुतण्या म्हणाला.

दिसतात खरे. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल २०१४ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल मिळाले, तो शोध थोरच. पण वाचकहो, उजेड हेही एक औषध आहे. त्याला मात्रा असते, वेळही असते. नवजात बाळाची कावीळ आम्ही निळ्या उजेडाखाली ठेवूनच उतरवतो. मात्र तेव्हा बाळाचे डोळे झाकतो. रात्री हाच उजेड डोळ्यांवर पडत राहिला, तर झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक कमी पाझरते. माशांनाही अंधार लागतो. त्यांना तर मिटायला पापण्याही नाहीत.

मी निळा दिवा बंद करून साधी पांढरी ट्यूब लावली. एका माशाच्या शेपटीवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. हा माशांचा नेहमीचा रोग. निळ्या झगमगाटात तो कोणाच्या लक्षातच आला नव्हता. कावीळ पाहायची तर रुग्णाला खिडकीशी, दिवसाच्या उजेडात न्यावे, असे आम्हाला शिकवले आहे. माशांनाही तोच नियम लावावा.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. पेटीसाठी पांढराच दिवा घ्या. वेष्टनावर 'डेलाइट' किंवा ६५०० केल्विन लिहिलेले असते. तो दिवसा सुमारे आठ तास पुरे. जास्त ठेवल्यास शेवाळ माजते. निळ्याची हौस असेल तर संध्याकाळी पाहुण्यांसमोर अर्धा तास भागवा. रात्री सर्व दिवे बंद. पाण्यात हात घालण्यापूर्वी प्लग काढायला विसरू नका.

पेटी आता बैठकीच्या खोलीत गेली आहे. तेवढ्याने मुलाची झोप सुधारेल, असा दावा मी करणार नाही. कारण उशाशी दुसराही एक निळसर दिवा होता, मोबाईलचा. तो बाहेर काढायला मात्र पुतण्या अजून तयार नाही, आणि खरे सांगायचे तर त्याचे वडीलही नाहीत.