मत द्यायचंय? आधी विमानाचं तिकीट काढा!

२० मे २०२४, सोमवार. डोंबिवलीत सकाळीच ऊन असं की विचारू नका! आई, बाबा आणि मी लोकसभेचं मत देऊन घरी आलो, पंखा फुल्ल केला आणि तेवढ्यात दुबईहून दादाचा व्हिडिओ कॉल. "बोटं दाखवा!" आम्ही तिघांनी शाई लावलेली बोटं कॅमेऱ्यासमोर धरली. दादा हसला. मग जरा थांबून म्हणाला, "माझं नाव होतं का गं यादीत?"

होतं ना. आमच्या केंद्राच्या यादीत अगदी शेवटी, परदेशातल्या मतदारांच्या वेगळ्या भागात. नाव डोंबिवलीत, माणूस दुबईत.

त्या नावाची पण एक स्टोरी आहे. दादा २०१३ मध्ये नोकरीसाठी दुबईला गेला. पुढे एकदा मतदारयादी तपासायला एक बाई घरी आल्या. "हे कुठे असतात?" आईने अभिमानाने सांगितलं, "दुबईला!" झालं, पुढच्या यादीतून दादा गायब. त्या बाईंची काही चूक नव्हती हं. साध्या यादीत नाव हवं तर माणूस त्या पत्त्यावर राहणारा हवा, असा कायदाच आहे. परदेशात राहणाऱ्याची कॅटेगरी वेगळी.

आधी तर तीही नव्हती. पासपोर्ट भारताचा, पण मत नाही. २०१० मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात दुरुस्ती झाली आणि फेब्रुवारी २०११ पासून परदेशातल्या भारतीय नागरिकांना नाव नोंदवता येऊ लागलं. नमुना ६-अ भरायचा. पासपोर्टवर भारतातला जो पत्ता, तिथल्या यादीत नाव. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व मात्र घेतलेलं नको. दादाने २०२३ मध्ये फॉर्म भरला, पासपोर्ट आणि व्हिसाच्या कॉप्या जोडल्या. स्वारी सॉलिड खूश! मग त्याने शेवटची अट वाचली. मत द्यायला स्वतः केंद्रावर यायचं, ओरिजिनल पासपोर्ट घेऊन.

थोडक्यात, हक्क फुकट आहे, पण त्याला विमानाचं तिकीट लागतं. दादाने हिशेब केला. त्याचं आणि वहिनीचं येणं-जाणं घराच्या हप्त्यापेक्षा महाग पडत होतं. वर ऑफिसात मे महिन्याची रजा नामंजूर. विषय संपला.

हे फक्त आमच्याच घरातलं रडगाणं नाही. परदेशात एक कोटीहून जास्त भारतीय नागरिक राहतात. २०२४ च्या लोकसभेला त्यातल्या १,१९,३७४ जणांची नावं यादीत होती आणि प्रत्यक्ष मत दिलं २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे! आपल्या महाराष्ट्रात? ५,०९७ नावं, १७ मतं. हो, सतरा. आमच्या बिल्डिंगच्या मीटिंगला यापेक्षा जास्त गर्दी असते.

केरळचं कौतुकच करायला हवं. तिथल्या पुष्कळ घरांतलं कोणीतरी गल्फमध्ये असतं आणि संघटना मतदारांना घरी नेण्यासाठी विमानांची व्यवस्था करतात. पण ज्याच्यामागे अशी संघटना नाही, त्याने काय करायचं?

माझी एक मैत्रीण म्हणते, "देश सोडून गेलेत ना, मग मत कशाला?" पॉइंट आहे. रस्त्यावरचे खड्डे आपल्या नशिबी आणि सरकार निवडणार न्यू जर्सीतला काका, हे मलाही खटकतं. पण दुबईची गोष्ट वेगळी. तिथे साध्या नोकरदाराने वीस वर्षं काढली तरी नागरिकत्व मिळत नाही. नोकरी गेली की काही दिवसांत व्हिसाही जातो आणि माणूस परत डोंबिवलीला येतो. दादाचा हप्ता इथला, आई-बाबा इथे, नळाला पाणी आलं की नाही याची काळजी इथली. इथे मत नाही, तर त्याला जगात कुठेच मत नाही.

उपाय सुचले नाहीत असं नाही. प्रॉक्सीचं विधेयक आलं होतं, म्हणजे दादाच्या वतीने घरच्या कोणीतरी मत द्यायचं. ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत ते पासही झालं, पण राज्यसभेत झालं नाही आणि २०१९ मध्ये लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळलं. मला तर हायसं वाटलं. कारण आमच्याकडे प्रॉक्सी कोण होणार? बाबा! दादा अठरा वर्षांचा झाल्यापासून या दोघांचं मत एकदाही जुळलेलं नाही. "अरे, तू सांगशील त्यालाच देईन," असं बाबा म्हणाले होते. आईसुद्धा हसली.

दुसरा उपाय पोस्टाचा. सैन्यातल्या आणि दूतावासातल्या कर्मचाऱ्यांना मतपत्रिका ऑनलाइन पाठवतात. ती प्रिंट करायची, खूण करायची आणि पोस्टाने परत धाडायची. हीच सोय परदेशातल्या मतदारांना द्यावी, असं निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०२० मध्येच सुचवलं होतं. तरी २०२४ ची लोकसभा त्याशिवायच झाली. यातही धोका आहेच. एका खोलीत आठ-दहा मजूर राहतात, तिथे मुकादम डोक्यावर उभा राहिला तर मत गुप्त राहणार कसं? म्हणून मला वकिलातीत केंद्र ठेवणं जास्त पटतं. फिलिपिन्सने २००४ मध्ये आपल्या परदेशातल्या लोकांसाठी वकिलातींमध्ये मतदान घेतलं. पासपोर्ट रिन्यू करायला आपली माणसं वकिलातीत जातातच, मग मत द्यायलाही जातील.

तुमच्यापैकी कितीतरी जण ऑनसाइटची वाट बघताय, माहितेय मला. बॅगेत मेतकूट आणि थालीपीठाची भाजणी भराल, तसा नमुना ६-अ पण भरा. नावंच नसतील तर सोय कोणासाठी करायची, असं म्हणायला सगळे मोकळे.

दादाने मात्र हार मानलेली नाही. २०२४ ला निवडणुकीच्या तारखा १६ मार्चला जाहीर झाल्या, मतदानाच्या दोन महिने आधी. तेवढा वेळ पुरतो म्हणतो. २०२९ साठी रजा साठवतोय, तिकिटाचे पैसे बाजूला टाकतोय.

"एका मतासाठी एवढा खर्च?" मी विचारलं.

"बाबांचं मत कॅन्सल करायला कोणीतरी यायला हवं ना!"