विग्रह आधी की अर्थ?

नव्या सामासिक शब्दाचा अर्थ त्याच्या पदांतूनच कळला पाहिजे, नाही कळला तर तो शब्दच सदोष, असे मत ठामपणे मांडले जाते. त्याचा सारा भरवसा विग्रहावर. पण अर्थ आधी ठाऊक असल्याशिवाय विग्रह करताच येत नाही. बैलगाडी बैल ओढतात, मालगाडी माल वाहते, हातगाडी हाताने ढकलतात. 'गाडी' तीच, पण पहिल्या पदाशी तिचे नाते दर वेळी निराळे, आणि ते शब्दात कुठेच लिहिलेले नाही. मध्यमपदलोपी समास मानून व्याकरणाने हे कबूलच केले आहे. पुरणपोळीतले 'भरलेली' गळाले. नव्या शब्दात काय गळाले असेल, हे सांगणारा नियम मात्र नाही.

'पाणीगाडी' हा शब्द घ्यावा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. तेव्हा लातूरकराला या शब्दाची फोड करून सांगावी लागली नसती. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान चामटोलीजवळ अडकली. रुळांभोवती पाणीच पाणी, डब्यांत हजारावर प्रवासी, सुटकेला बोटी. हे वर्णन वाचून झाल्यावर 'पाणीगाडीतले प्रवासी' असे शब्द आले, तर वाचकाला पाण्याने वेढलेली गाडीच दिसेल. पाणी वाहणाऱ्या वाघिणी त्याच्या मनातही येणार नाहीत.

पण यावरून 'संदर्भ असला की झाले' असे म्हणणारा दुसरा पक्षही टिकत नाही. संदर्भाविना 'दूधगाडी' वाचली तरी दूध वाहणारी गाडीच समजते, कारण गाडीआधी आलेला जिन्नस बहुधा तिच्यात भरलेला असतो, ही सवय वाचकाजवळ तयार असते. शिवाय तत्पुरुषात शेवटचे पद हटत नाही: 'गाडीदूध' म्हटले तर वाचक दुधाचाच प्रकार शोधेल. पामेला डाउनिंग यांनी 1977 च्या लेखात इंग्रजीतले एक उदाहरण दिले आहे. ज्या खुर्चीपुढे सफरचंदाचा रस ठेवला होता, तिला 'सफरचंदरस-खुर्ची' म्हटले गेले. समोरच्या माणसाला ते तत्काळ कळले. पण तो अर्थ त्या टेबलापुरताच.

म्हणून वाचक नवा समास लावतो तो असा: शेवटच्या पदाने वस्तूची जात ठरते, सवयीने नात्याचा पहिला अंदाज येतो, आणि संदर्भ तो अंदाज कायम करतो किंवा मोडतो. मोडायचा असेल तर संदर्भ शब्दाच्या आधी पोचायला हवा. त्यामुळे चामटोलीच्या बातमीत, पुराचे वर्णन झाल्यानंतर, 'पाणीगाडी' बिनधास्त लिहावी. मथळ्याआधी मात्र वाचकाने काहीच वाचलेले नसते; तिथे 'पुरात अडकलेली गाडी' असेच छापावे, जागा थोडी जास्त गेली तरी.